ट्रक कॅम्पर उतरवून ठेवायची जागा : प्रकल्प नोंदी, सप्टेंबर २०२४ ते एप्रिल २०२५

रविवार, ८ सप्टेंबर २०२४ – मोजमापं

ठिकाण: मिशिगन, डेट्रॉईटचं उपनगर. ट्रक कॅम्पर म्हणजे पिकअप ट्रकच्या मागच्या उघड्या हौद्यात (बेडमध्ये) बसवायची राहण्याची खोली. ट्रक रोजच्या कामाला लागतो, म्हणून हिवाळाभर कॅम्पर पाठीवरून उतरवायचा आहे. पाठीवरच ठेवला तर पाच महिने स्प्रिंगा दबलेल्या राहतात. शिवाय बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेलं मीठ कॅम्परच्या तळाला आणि बांधणीच्या लोखंडाला लागतं, ते वेगळंच.

कॅम्पर: पक्क्या भिंतींचा. तळाच्या पेटीची लांबी ८ फूट ६ इंच, ट्रकच्या टपावर येणाऱ्या पलंगासकट एकूण १६ फूट ६ इंच. तळापासून एसीच्या टोपीपर्यंत उंची ७ फूट १० इंच. टाक्या रिकाम्या आणि सामान आत धरून वजन साधारण २,७०० पौंड. चार कोपऱ्यांवर चार इलेक्ट्रिक जॅक, समोरासमोरच्या पायांमधलं आतलं अंतर ८९ इंच. ट्रक मागच्या चाकांपाशी ८० इंच रुंद. म्हणजे मागे घेताना दोन्ही बाजूंना साडेचार-साडेचार इंच मोकळे मिळतात, बस्स. पुढचे सगळे निर्णय या साडेचार इंचांवर ठरले आहेत.

ट्रेलरला चाकं असतात, चुकीच्या जागी ठेवला तर ओढून दुसरीकडे नेता येतो. ट्रक कॅम्परला ती सोय नाही. जिथे उतरवाल, तिथेच ट्रक उलटा आणून पुन्हा चढवावा लागतो. म्हणून जागा शोधताना ‘कुठे मावेल?’ याच्याही आधी ‘ट्रक सरळ रेषेत मागे कसा येईल?’ हे विचारायचं. कॅम्परच्या नाकापुढे निदान २५ फूट सरळ वाट हवी. वळणावरून येत येत शेवटच्या दहा फुटांत ट्रक सरळ करायला गेलं, की मागचं चाक पुढच्या जॅकच्या पायाला लागतं. पाय वाकतो आणि कॅम्पर एका कोपऱ्यावर बसतो.

शनिवार, १४ सप्टेंबर – पर्याय तपासले

गॅरेज: दरवाजा ७ फूट उंच. कॅम्पर ९४ इंच, त्यात कमीत कमी उंचीच्या चाकगाडीचे ६ ते ८ इंच. बसत नाही. छत खाली बसणारा पॉप-अप कॅम्पर असता तर याच दरवाजातून चाकगाडीवर आत गेला असता.

भाड्याचं यार्ड: परिसरातल्या तीन ठिकाणी विचारलं. दोन ठिकाणी चाकांशिवायचं काही घेत नाहीत. आग लागली किंवा बर्फ काढायचा असला तर वस्तू हलवता आली पाहिजे, हे त्यांचं कारण रास्त आहे. तिसरीकडे चाकगाडीवर असेल तर चालेल म्हणाले, पण जागा मातीची आणि रांगेत दोन्ही बाजूंना गाड्या. तिथे साडेचार इंच सांभाळत ट्रक घालणं शक्य नाही. बंदिस्त यार्डात गॅसची टाकी भरलेली चालत नाही, हेही विचारून घ्यावं.

घराची बाजू: गॅरेजच्या पूर्वेला १४ फूट रुंद पट्टी आहे आणि ड्राइव्हवेच्या सरळ रेषेत आहे. शहराच्या झोनिंगप्रमाणे पुढच्या अंगणात कायमचा ठेवता येत नाही, बाजूच्या अंगणात हद्दीपासून ३ फूट सोडून चालतो. वसाहतीच्या संघटनेचे नियम वेगळे असतात आणि बहुतेक वेळा शहरापेक्षा कडक असतात, म्हणून दोन्हीकडून लेखी उत्तर घेतलं. विमा कंपनीलाही लेखी विचारलं. काही पॉलिसींत कॅम्पर ट्रकवर असेपर्यंतच संरक्षण असतं. जमिनीवर उतरवल्यावर चोरी, वादळ, झाड पडणं यासाठी तो वेगळा नोंदवावा लागतो. हे उतरवायच्या आधी विचारायचं.

जागा ठरली: पूर्वेची पट्टी, १० × २० फूट.

शनिवार, २१ सप्टेंबर – आखणी

खोदण्याआधी मिस डिगला, म्हणजे जमिनीखालचे नळ आणि तारा दाखवून देणाऱ्या ८११ सेवेला, कळवलं. मिशिगनमध्ये कामाचे तीन दिवस आधी कळवावं लागतं. येऊन जमिनीवर रंग मारून गेले: पिवळा गॅसचा, लाल विजेचा, नारिंगी केबलचा. केबल पट्टीच्या कडेने जाते. तिथे फावडं हातानेच चालवायचं.

काटकोन ६, ८ आणि १० फूट बाजूंच्या त्रिकोणाने काढला. मग कर्ण मोजले: १० × २० ला कर्ण २२ फूट ४ इंच अडीच सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) आला पाहिजे. पहिल्यांदा एक कर्ण दीड इंच जास्त निघाला, एक खुंटी सरकवून दुरुस्त केला.

उताराचा निर्णय नीट लिहून ठेवतो, कारण इथे चूक होते. पाणी घरापासून लांब जावं म्हणून सवयीने आडवा उतार दिला जातो. इथे तो नको. ट्रक आडवा कलला आणि कॅम्पर जॅकवर सपाट असला, की ट्रकचा बेड आणि कॅम्परचा तळ समांतर राहत नाहीत. खाली घेताना एक कड आधी टेकते आणि पेटी बेडच्या भिंतीला घासते. म्हणून आडवा उतार शून्य ठेवला. लांबीत फुटाला एक सूत, म्हणजे २० फुटांत अडीच इंच, मागच्या अंगणाकडे. तिथे पाणी जायला आधीच खोलगट चर आहे. या उताराचा आणखी एक फायदा होतो. ट्रकचं नाक वर राहतं, तसंच कॅम्परचंही. छतावरचं पाणी पुढच्या पलंगाच्या सांध्यांकडे न जाता मागे वाहतं, आणि कॅम्पर सगळ्यात आधी गळतो तो त्याच पुढच्या सांध्यांतून.

शनिवार, २८ सप्टेंबर – खोदकाम आणि खडी

इथली माती हिमनद्यांनी मागे सोडलेली चिकणमाती. ओली झाली की लोण्यासारखी, गोठली की फुगते. ६ इंच खोदलं. २०० चौरस फुटांना १०० घनफूट, म्हणजे ३.७ घन यार्ड माती निघाली. ढिली झाल्यावर ती साडेचार यार्डांच्या पुढे गेली, आणि ढीग कुठे घालायचा हे आधी ठरवलं नसतं तर आजच अडलो असतो.

तळ कोरडा असतानाच धुम्मस मारली. ओल्या चिकणमातीवर धुम्मस मारली तर ती दबत नाही, नुसती हलते. वर विणलेलं जिओटेक्स्टाइल कापड, जोडाला १२ इंच एकावर एक. कापड टाळलं तर दोन हिवाळ्यांत खडी मातीत उतरते आणि माती वर येते.

खडी २१एए, मिशिगनच्या रस्ते खात्याची प्रतवारी. दगडचुरा आणि बारीक पूड मिसळलेली असते, म्हणून दाबल्यावर घट्ट बसते. गोल गोटे दिसायला छान, पण जॅकच्या पायाखाली ते सरकतात. हिशेब: ३.७ यार्ड, दाबल्यावर बसते म्हणून २० टक्के जास्त, म्हणजे ४.४ यार्ड, म्हणजे साधारण सव्वासहा टन. साडेसहा टन मागवली. तीन-तीन इंचांच्या दोन थरांत पसरली, थोडं पाणी शिंपडून प्रत्येक थराला प्लेट कॉम्पॅक्टरचे चार फेरे. सहा इंच एकदम टाकून वरून दाबलं तर वरचे तीन इंच बसतात आणि खालचे तसेच पोकळ राहतात.

शनिवार, ५ ऑक्टोबर – जॅकखालच्या फरशा आणि लाकडी चौक

जॅकच्या पायाची पट्टी ६ × ६ इंच, म्हणजे पाव चौरस फूट. कॅम्परचा गुरुत्वमध्य पेटीच्या पुढच्या भिंतीपासून ३८ इंचांवर (बाजूला खूण असते), त्यामुळे वजनाचे जवळजवळ दोन तृतीयांश पुढच्या दोन जॅकवर येतात. एका पुढच्या जॅकवर सुमारे ८५० पौंड. पाव फुटावर ८५० म्हणजे चौरस फुटाला ३,४०० पौंड. चिकणमातीला इथल्या बांधकाम नियमांत १,५०० धरतात. पाय रुतणार हे कागदावरच दिसतं. २ × २ फुटांची काँक्रीटची फरशी घातली की तेच वजन ४ चौरस फुटांवर पसरतं: चौरस फुटाला २१३ पौंड.

चार फरशा, प्रत्येक २ इंच जाडीची. खाली अर्धा इंच दगडी पूड आणि पाणसळीने चारही बाजूंनी सपाट. फरशीवर थेट जॅक टेकवायचा नाही, मधोमध भार आला की ती तडकते. मध्ये १२ × १२ इंचांचा जाड फळीचा तुकडा. तोच काँक्रीटवर पाय घसरू देत नाही.

आता मुख्य गोष्ट. कॅम्पर पाच महिने नुसत्या जॅकवर उभा ठेवू नये. जॅक चढवण्या-उतरवण्यासाठी आहेत. उंच पायांवर कॅम्पर वाऱ्याने डुलतो आणि प्रत्येक डुलणं जॅकच्या ब्रॅकेटच्या स्क्रूंना ओढतं. ब्रॅकेट आतल्या लाकडी चौकटीत धरलेले असतात. तिथे पाणी शिरून लाकूड मऊ झालं असेल तर एक दिवस ब्रॅकेट भिंतीसकट निघतो. भार लाकडी चौकावर, म्हणजे तुळयांचे आडवे-उभे थर रचून केलेल्या आधारावर, द्यायचा, जॅक फक्त हात लावून उभे.

जॅक पूर्ण आत घेतल्यावर तळ जमिनीपासून साडेबावीस इंचांवर येतो. त्याहून खाली कॅम्पर जात नाही, म्हणून चौक त्याहून थोडा उंच हवा. ६ × ६ चं, कुजू नये म्हणून प्रक्रिया केलेलं पाइन घेतलं. खरी जाडी साडेपाच इंच. चार थर म्हणजे २२ इंच, वर पाऊण इंच प्लायवूड आणि अर्धा इंच रबराची चटई: सव्वातेवीस.

दोन चौक, एक पुढे, एक मागे. थर असे: तळाला २४ इंचांचे तीन तुकडे लांबीत, वर ४८ इंचांचे दोन आडवे, पुन्हा तीन, पुन्हा दोन. दोन्ही मिळून ४८ चे आठ आणि २४ चे बारा तुकडे लागतात. ८ फुटांच्या सात तुळयांत बरोबर बसतात, चारांचे आठ मोठे आणि तिघींचे बारा छोटे. तुकडा वाया जात नाही. कापलेल्या टोकांना तांब्याचं प्रिझर्व्हेटिव्ह दोन हात. प्रक्रिया आतपर्यंत पोचलेली नसते आणि कुजणं टोकापासूनच सुरू होतं.

थर एकमेकांना स्क्रूने जोडले नाहीत. ट्रक गेल्यावरच चौक आत ठेवता येतो आणि ट्रक यायच्या आधी काढावा लागतो, तेव्हा तुकडे सुटे आणि एका माणसाला उचलता येण्याजोगे हवेत.

शनिवार, १२ ऑक्टोबर – दसरा, कॅम्पर उतरवला

सकाळी हत्यारांच्या पूजेत ड्रिल, पाणसळ, टॉर्क रेंच आणि जॅकचा हाताने फिरवायचा दांडा होता. दांड्यालाही हळदकुंकू लागलं. जॅकची मोटर मध्येच थांबली तर सगळं त्याच्यावर असतं.

उतरवण्याचा क्रम:

आधी ट्रक सरळ, हँडब्रेक, चाकांना ठोकळे. त्यानंतर लगेच कॅम्पर आणि ट्रक यांच्यातली विजेची केबल काढायची. ती विसरून ट्रक पुढे घेतला की सॉकेट तारांसकट उपटतं, ही सगळ्यात नेहमीची चूक. मग चारही टर्नबकल, म्हणजे कॅम्पर ट्रकला आवळून धरणारे आट्यांचे ताण, ढिले करून काढले.

चारही पाय टेकवले. आधी पुढचे दोन एक इंच वर, मग मागचे, मग आळीपाळीने दोन-दोन इंच. नाक कायम मागच्यापेक्षा इंचभर वर ठेवायचं. नाक खाली गेलं की आधीच जास्त भार असलेल्या पुढच्या जॅकवर आणखी वजन सरकतं.

कॅम्पर तीन इंच उचलला तरी बेड सुटेना, यात बिघाड काही नव्हता. वजन उतरतं तशा ट्रकच्या स्प्रिंगा उघडतात आणि बेड कॅम्परच्या मागोमाग वर येतो. साधारण तीन इंच स्प्रिंगांचे आणि वर दोन-तीन इंच मोकळे, असं धरून चालायचं.

एक जण मागे उभा राहून दोन्ही बाजूंचं अंतर बघतो, दुसरा ट्रक चालवतो. ट्रक निघाल्यावर कॅम्पर त्याच उंचीवर सोडून चहाला जायचं नाही. लगेच चौक रचले: पुढचा पुढच्या भिंतीला लागून, मागचा त्याचा मध्य भिंतीपासून ८४ इंचांवर येईल असा. सांडपाण्याचे व्हॉल्व आणि टाक्यांची तोंडं चौकाच्या बाहेर. रचताना हात तळाखाली, डोकं बाहेर. कॅम्पर नुसत्या जॅकवर असताना कुणीही खाली शिरायचं नाही आणि आत चढायचं नाही.

मग दोन-दोन इंच खाली घेत चौकावर टेकवला. जॅकचे पाय फरशीला लागलेले, पण फळीचा तुकडा हाताने जेमतेम हलतो एवढेच. नाक अर्धा इंच वर.

ट्रकच्या चाकांच्या बाहेरच्या कडा जिथे होत्या तिथे खडीवर दोन पिवळ्या दोऱ्या खिळल्या. मार्चमध्ये याच रेषांवर मागे यायचं आहे.

शनिवार, १९ ऑक्टोबर – पाणी काढणं

पहिल्या कडक थंडीच्या आत, आणि दिवाळीची गडबड सुरू व्हायच्या आत हे उरकायचं. मिशिगनमध्ये कॅम्परचं सगळ्यात महाग नुकसान नळात राहिलेल्या वाटीभर पाण्याने होतं.

हीटर बंद, पाणी गार झाल्यावर गरम नळ उघडून दाब सोडला, मग खालचा अ‍ॅनोड रॉड काढला (तो स्वतः झिजून टाकीला गंजण्यापासून वाचवतो). आमच्या हीटरला १ इंच अर्धं सूत, म्हणजे १-१/१६ चा सॉकेट लागतो. ६ गॅलनची टाकी रिकामी, तळाचा पांढरा गाळ धुऊन काढला. रॉडच्या मधली तार दिसू लागली होती, नवा आणून ठेवला. मग हीटरचे बायपास व्हॉल्व फिरवले. हे विसरलं तर सहा गॅलन अँटिफ्रीझ (थंडीत नळ्या फुटू नयेत म्हणून भरायचं द्रव) नुसतं हीटर भरण्यात जातं.

कॉम्प्रेसरने हवा मारली. दाब ४० पीएसआयच्या (चौरस इंचाला ४० पौंडांच्या) वर नाही, प्लास्टिकच्या जोडांना तेवढंच झेपतं. त्यानंतर पंपाच्या तोंडाला नळी लावून गुलाबी प्रोपिलीन ग्लायकोल, म्हणजे हेच अँटिफ्रीझ, ओढलं. सगळ्यात लांबच्या नळापासून सुरुवात, प्रत्येकाचा गार आणि गरम वेगळा, गडद गुलाबी रंग येईपर्यंत. टॉयलेटची फवारणी आणि बाहेरचा शॉवर राहून जातात, तेही केले. मोऱ्यांखालच्या वाकड्या नळ्यांत एकेक कप. एकूण अडीच गॅलन लागले.

कॅनवर ‘उणे ५०’ लिहिलेलं असतं. तो आकडा नळी फुटण्यापासून संरक्षणाचा आहे. द्रव त्याच्या कितीतरी आधी बर्फाच्या गोळ्यासारखा होतो, फक्त फुगून नळी फोडत नाही. म्हणून त्यात पाणी मिसळून बचत करायची नाही. आणि गाडीच्या रेडिएटरचं एथिलीन ग्लायकोल विषारी असतं, ते पिण्याच्या पाण्याच्या नळात कधीही नाही.

शनिवार, २६ ऑक्टोबर – वीज, गॅस, छत

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची. ५५ टक्क्यांवर आणून मुख्य तार सोडली. ही बॅटरी गोठणबिंदूच्या खाली, म्हणजे ३२ अंश फॅरनहाइटखाली, चार्ज करायची नाही. सोलर पॅनेल जोडलेलं राहिलं तर उजाडलं की ते हेच करू लागतं, म्हणून पॅनेलची तारही काढली. शिशाची बॅटरी असेल तर नियम उलटा: पूर्ण भरून ठेवायची. भरलेली मिशिगनच्या कुठल्याही थंडीत गोठत नाही, उतरलेली २० अंश फॅरनहाइटच्या आसपास गोठून फुटते.

‘सगळं बंद आहे, मग बॅटरी कशी उतरली?’ याचं उत्तर गॅस डिटेक्टर आणि रेडिओची स्मृती. दोन्ही मिळून १०० मिलिअँपिअर धरले तरी दिवसाला २.४ अँपिअर-तास होतात, म्हणजे १०० अँपिअर-तासांची बॅटरी तीन आठवड्यांत अर्धी.

गॅसच्या टाक्यांचे व्हॉल्व बंद, टाक्या बाहेरच, उभ्या. गॅरेजमध्ये नाहीत.

छत धुतलं, एकेका सांध्यावरून अंगठा फिरवला. पुढच्या स्कायलाइटच्या कोपऱ्यात सीलंटला केसाएवढी भेग होती. नख लावल्यावर तिथून पापुद्रा उठला, म्हणजे वरून भरून चालणार नव्हतं. सुटं झालेलं प्लास्टिकच्या पात्याने खरवडलं, अल्कोहोलने पुसलं, सेल्फ-लेव्हलिंग सीलंट भरलं. हे ५० अंश फॅरनहाइटच्या वर हवा असताना करायचं काम आहे. थंडीत ते पसरत नाही, नुसता गोळा बसतो.

रविवार, १० नोव्हेंबर – आच्छादन, उंदीर, ओल

निळी ताडपत्री घातली नाही. वाऱ्यात फडफडून ती रंगाला सँडपेपरसारखी घासते आणि खाली पाणी सुटतं. कोकणात होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारतात, तेव्हा पाऊस वरून ओघळतो आणि खालून वारा खेळत राहतो. इथेही तेच करायचं. पीव्हीसी पाइपचा कणा मधोमध उंच करून त्यावर हवा जाणारं कापडी कव्हर. एसीच्या आणि शिडीच्या कोपऱ्यांना फोमच्या नळ्या कापून बांधल्या, नाहीतर कव्हर पहिल्या वादळात तिथेच फाटतं. छताचा झरोका झाकणासकट बोटभर उघडा.

उंदराला पाव इंचाच्या आसपासची फट पुरते. तळाखाली टॉर्च घेऊन झोपलो आणि प्रत्येक पाइप जिथे आत जातो तिथे तांब्याची जाळी कोंबून वर सीलंट लावलं. स्टील वूल गंजतो आणि भिंतीवर ओघळ येतात, तांबं तसं करत नाही. एकूण नऊ फटी निघाल्या. आत चार सापळे, शेंगदाण्याचं लोणी लावून. डांबरगोळ्या नकोत, वास गाद्यांतून वर्षभर जात नाही.

गाद्या कडेवर उभ्या, फ्रिजचं दार टॉवेल अडकवून उघडं, सगळी कपाटं उघडी. ओल शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडच्या दोन बादल्या. त्या मोरीत ठेवायच्या, कारण सांडलेलं खारं पाणी जमीन आणि धातू दोन्ही खातं.

शनिवार, १४ डिसेंबर – तपासणी

सिंकखाली लेंड्या. वाट सापडली: विजेच्या केबलची बाहेरची खिडकी. तिच्या झाकणात केबलसाठी खाच असते आणि केबल आत गुंडाळल्यावर ती खाच उघडीच राहते. नोव्हेंबरात तळ बघितला, भिंत बघितली नाही. खाचेत जाळी बसवली. दोन सापळे भरले होते. तारा कुरतडलेल्या नाहीत, एकेक हाताने चाचपून बघितल्या.

आर्द्रता ७२ टक्के, हवी ५५ च्या आत. एका बादलीत वर कडक पापुद्रा जमून शोषणं थांबलं होतं. तो फोडला, दुसरा झरोकाही बोटभर उघडला. हवेतली ओल काढणारा कॉम्प्रेसरवाला डीह्युमिडिफायर इथे कामाचा नाही, थंडीत त्याच्या कॉइलवरच बर्फ जमतो. यंत्र लावायचंच असेल तर डेसिकंट, म्हणजे ओल शोषणाऱ्या पदार्थाच्या, पद्धतीचं.

शनिवार, १८ जानेवारी २०२५ – दार घासतंय

दाराची खिट्टी कुलपाच्या पट्टीला लागते. आत पाणसळ ठेवली: डावा मागचा कोपरा तीन सूत वर. चौक आणि फरशी दोन्ही उचललेले.

कारण मिशिगनमध्ये जमीन ४२ इंच खोल गोठेल असं धरून पाये खणतात, आणि आपली खडी ६ इंच. जमीन फुगणारच. पण एकच कोपरा का? त्याच बाजूला गॅरेजच्या पन्हळीचा उभा नळ उतरतो आणि त्याचं तोंड पट्टीच्या कडेला. डिसेंबरात वितळलेलं पाणी तिथेच मुरलं, चिकणमातीत बर्फाचे थर धरले आणि त्यांनी कोपरा उचलला. आखणीच्या वेळी उताराकडे इतकं लक्ष दिलं आणि हा नळ नजरेतून सुटला. ज्यांनी अशी जागा करायची आहे, त्यांनी पहिल्या दिवशी आजूबाजूचा प्रत्येक नळ कुठे ओततो ते बघा.

दुरुस्ती: जॅकने मागचा भाग इंचभर उचलला. डाव्या बाजूचं पाऊण इंची प्लायवूड काढून तीन सुतांचं घातलं, पुन्हा बसवलं. दार लागलं. तीन सूत किरकोळ वाटतात, पण कॅम्पर असा पिळलेला राहिला तर आधी दार बोलतं आणि नंतर पुढचे सांधे उघडतात. नळाला ८ फुटांची वाढीव नळी लावून तोंड चराकडे नेलं.

रविवार, १६ फेब्रुवारी – बर्फ

ओला बर्फ. कोरड्या भुसभुशीत बर्फाचं ओझं फारसं नसतं. ओला, दबलेला बर्फ फूटभर साचला तर चौरस फुटाला २० पौंडांपर्यंत जातो. छत सव्वाशे चौरस फूट, त्याचा निम्मा भार धरला तरी साडेबाराशे पौंड, आणि पुढच्या पलंगाखाली आधार काहीच नाही. फोमच्या डोक्याच्या लांब दांड्याने जमिनीवरून ओढून काढला, आधी पुढचा भाग. छतावर चढायचं नाही, फावडं लावायचं नाही: थंडीत झरोक्यांचं प्लास्टिक काचेसारखं तडकतं.

आर्द्रता ५३ टक्के. सापळे रिकामे.

शनिवार, १५ मार्च

गोठलेली जमीन सुटली. डावा कोपरा परत बसला, म्हणून पाऊण इंची प्लायवूड पुन्हा घातलं. हे केलं नसतं तर आता तोच कोपरा तीन सूत खाली असता. बॅटरी ५१ टक्के.

रविवार, ३० मार्च – पाडवा, कॅम्पर चढवला

सकाळी गुढी उभारली, दुपारी काम. जॅकच्या दांड्यांना कोरडं सिलिकोन वंगण, चारही जॅक उचलून चौक काढले. तुकड्यांवर खडूने ‘पु१’, ‘पु२’, ‘मा१’ असे क्रमांक घातले.

पिवळ्या दोऱ्यांवर ट्रक मागे. पहिल्या वेळी डावीकडे सहा इंच, उजवीकडे तीन. पुढे जाऊन पुन्हा आलो: साडेचार, साडेचार. टेलगेट (बेडचं मागचं झाकण) काढलेला, बेडमध्ये रबराची चटई. कॅम्पर बेडला टेकल्यावर आधी टर्नबकल, मग केबल, मग जॅक पूर्ण वर. पन्नास मैल चालवून टर्नबकल पुन्हा आवळले.

पाण्याला अजून हात लावला नाही. रात्री गोठतंय, नळ गुलाबीच ठेवले आहेत.

रविवार, २७ एप्रिल – पाणी भरलं

नवा अ‍ॅनोड टेफ्लॉन टेप लावून बसवला. बायपास अजून फिरवलेला, अँटिफ्रीझ आधी धुऊन काढलं, फेस आणि चव जाईपर्यंत. मग बायपास सरळ. १५ गॅलनला पाव कप साधं ब्लीच, ३० गॅलनच्या टाकीला अर्धा कप. प्रत्येक नळातून वास येईपर्यंत सोडलं, चार तास ठेवलं, दोनदा धुतलं. गॅसच्या जोडांना साबणाचं पाणी लावलं, बुडबुडा नाही. कॅम्पर गरम करणाऱ्या भट्टीच्या बाहेरच्या जाळीत कुंभारणीचं घर दिसलं नाही, तरी मे महिन्यात पुन्हा बघायचं.

मोकळ्या पट्टीवर डाव्या मागच्या फरशीपाशी खडी अर्धा इंच खचली आहे. दोन गोण्या २१एए आणि दगडी पूड लागेल. सप्टेंबरच्या आत.